हराम जुगार आहे, त्याचा हिशोब नव्हे

आमच्या मोहल्ल्यात मशिदीला लागून एक हॉल आहे. रविवारी सकाळी तिथे दहावीच्या मुलींसाठी मी गणिताचा वर्ग घेतो. फी नाही, हजेरीपुस्तक नाही, एक फळा आणि पंधरा-सोळा मुली. गेल्या महिन्यात संभाव्यतेचं प्रकरण चालू होतं. सरावाला एक प्रश्न दिला : नीट पिसलेल्या ५२ पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढला, तर तो चित्रयुक्त असण्याची संभाव्यता किती?

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिने उत्तर लिहिलं : ५२ छेद ५२, म्हणजे १.

मी विचारलं, हे कसं? ती म्हणाली, "सर, प्रत्येक पत्त्यावर चित्र असतंच ना? कुठे बदामाचं, कुठे चौकटीचं. बिनचित्राचा पत्ता असतो का?"

तिच्या बाजूने पाहिलं तर उत्तर चूक नव्हतं. तिने आयुष्यात पत्त्यांचा कॅट पाहिलाच नव्हता. चार प्रकार, प्रत्येकी तेरा पत्ते, सव्वीस लाल, सव्वीस काळे हे तिला तोंडपाठ होतं. पण राजा, राणी आणि गुलाम यांनाच 'चित्रयुक्त' म्हणतात आणि एक्का त्यात येत नाही, हे पाठ करून कळत नाही. पत्ते हातात धरावे लागतात. मग मी वर्गात विचारलं, कॅट कुणी कुणी पाहिलाय? तीन हात वर आले. तेही घाबरत.

पुढच्या रविवारी मी एक कॅट घेऊन गेलो. मुलींनी पत्ते रंगानुसार लावले, मोजले, पिसले. बाराच चित्रयुक्त पत्ते आहेत हे डोळ्यांनी पाहिलं. १२ छेद ५२, म्हणजे ३ छेद १३. दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळी फोन आला. मग दुसरा आला. मग मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक लांबलचक ऑडिओ फिरला. मशिदीला लागलेल्या हॉलमध्ये पत्ते! मुलींच्या हातात पत्ते! बुधवारी मला बोलावून घेतलं गेलं. बोलणारे सगळे भले लोक होते, माझ्या परिचयाचे. त्यांनी अदबीने सांगितलं की वर्ग चालू ठेवा, पण पत्त्यांची उदाहरणं वगळा. दोन-तीन मार्कांचा प्रश्न आहे, गेले तर गेले. ईमान मोठं की मार्क?

त्या बैठकीत मी जे बोलू शकलो नाही, ते इथे लिहितो आहे.

व्याजाची गणितं चालतात, मग ही का नाहीत?

सुरुवातीलाच एक सांगतो. जुगार हराम आहे, यावर माझा वाद नाही. सूरह बकरातल्या २१९व्या आयतीत दारू आणि जुगाराचा उल्लेख एकत्र येतो. त्यात लोकांसाठी काही फायदेही आहेत, पण गुनाह फायद्यापेक्षा मोठा आहे, असा तिचा आशय. सूरह माइदाच्या ९०व्या आयतीत दोन्ही गोष्टींपासून दूर राहण्याचा थेट हुकूम आहे. मी या हुकमाला पळवाट शोधत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. व्याजही हरामच आहे ना? त्याबद्दल तर कुराणची भाषा आणखी कडक आहे. पण आठवीत आपली मुलं चक्रवाढ व्याज शिकतात. मुद्दल, दर, मुदत, रास. आजवर एकाही पालकाने शाळेत जाऊन म्हटलेलं नाही की हे प्रकरण वगळा, आमच्या ईमानाचा प्रश्न आहे. उलट मुलाला ते सूत्र येत नसेल तर आपण शिकवणी लावतो. कारण आपल्याला ठाऊक असतं की सावकार, पतपेढी किंवा फायनान्सवाला समोर बसेल तेव्हा हेच सूत्र मुलाला वाचवणार आहे. व्याज कसं वाढतं ते समजणं म्हणजे व्याज खाणं नव्हे. आपली मुलं रसायनशास्त्रात अल्कोहोलची सूत्रंही लिहितात. त्याने कुणी दारूडा होत नाही.

मग पत्त्यांचाच बाऊ का? प्रामाणिक उत्तर असं की इथे आपण विचार करत नाही, फक्त दचकतो. पत्ता दिसला की आपल्या डोळ्यांसमोर गल्लीच्या टोकाला बसलेला अड्डा येतो. हे दचकणं काही आपल्यापुरतं नाही. 'पत्ते कुटत बसणे' हा वाक्प्रचार मराठी मध्यमवर्गाने रिकामटेकडेपणासाठीच घडवला आहे, आणि कित्येक हिंदू घरांतही पत्ते वर्षातून सुट्टीपुरतेच बाहेर निघतात. फरक इतकाच की आपण आपल्या दचकण्याला दीनचं नाव देतो आणि मग त्यावर बोलायची सोय उरत नाही.

बैठकीत एकाने नर्दशीरच्या हदीसचा दाखला दिला. फाशांच्या त्या खेळाला हदीसमध्ये सक्त मनाई आहे, हे खरं आहे. पण मनाई खेळण्याला आहे. माझ्या वर्गात कुणी खेळत नव्हतं, कुणी पैसे लावले नव्हते, कुणी जिंकलं-हरलं नव्हतं. सोळा मुली बावन्न कागद मोजत होत्या.

चिठ्ठी काढणं आणि जुगार खेळणं

आता जरा खोलात जाऊ. जुगारात हराम काय आहे? कागदाचा पत्ता? की चिठ्ठी काढणं, म्हणजे कुणाच्याच हातात नसलेल्या निकालावर गोष्ट सोपवणं?

चिठ्ठी काढणं हराम असतं तर कुराणमध्ये हजरत मरियमचा सांभाळ कुणी करायचा हे कलम टाकून ठरवल्याचा उल्लेख आला नसता. हजरत यूनुस जहाजावर असताना चिठ्ठ्या काढल्या गेल्या, तेही सूरह साफ्फातमध्ये आहे. प्रेषित (स.) सफरीला निघताना सोबत कुठल्या पत्नीने यायचं हे कुर्रा काढून ठरवत, अशी हदीस आहे. म्हणजे नशिबाची चिठ्ठी हे न्यायाचंही साधन आहे. सगळ्यांचा हक्क सारखा आणि जागा कमी, अशा वेळी पक्षपात टाळण्याचा तो सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे.

अरबस्तानात 'मैसिर' म्हणत तो खेळ निराळा. उंट कापायचा, बाणांनी वाटे ठरवायचे, कुणाला फुकट मांस, कुणाच्या गळ्यात अख्ख्या उंटाची किंमत. एकाच्या नुकसानीवर दुसऱ्याची कमाई, आणि मधे कसलीही मेहनत नाही. हराम ते आहे. चिठ्ठी किंवा बाण हे हत्यार आहे. गुन्हा हत्याराने काय करता यात असतो.

आणि हा फरक आपल्याला व्यवहारात अगदी छान कळतो. दरवर्षी हज कमिटीची कुर्रा निघते. मुंबईच्या हज हाऊसकडे आपले कान लागलेले असतात. ऑडिओ पाठवणाऱ्यांपैकी दोघांनी स्वतः अर्ज भरलेले आहेत. तेव्हा कुणी म्हणत नाही की हा तर नशिबाचा खेळ. मग आपण त्याच कुर्राचं गणित मांडू.

समजा जागा १२ हजार आणि अर्ज २० हजार. एका माणसाचा नंबर लागण्याची संभाव्यता १२ छेद २०, म्हणजे ३ छेद ५, साठ टक्के. आता एका घरातल्या पाच जणांना सोबत जायचं आहे. त्यांनी एकाच कव्हरमध्ये अर्ज भरला तर पाचही जणांचा नंबर एकदम लागतो किंवा एकदम जातो. ढोबळमानाने तीच साठ टक्के शक्यता. पण पाच जणांनी वेगवेगळे अर्ज भरले तर? पाचही जण लागण्याची शक्यता तीन-पंचमांशाला पाच वेळा गुणून येते. २४३ छेद ३१२५. आठ टक्केसुद्धा नाही. उलट पाचांपैकी निदान एकाचा नंबर लागण्याची शक्यता जवळजवळ नव्याण्णव टक्के. म्हणजे आई हजला आणि वडील घरी, अशी ताटातूट होण्याचीच शक्यता जास्त.

हे गणित आणि पत्त्यांचं गणित यात सूतभर फरक नाही. कॅटमधून लागोपाठ दोन एक्के निघण्याची शक्यता काढताना आपण ४ छेद ५२ ला ३ छेद ५१ ने गुणतो, उत्तर २२१ मध्ये एक. लागोपाठ चारही एक्के निघण्याची शक्यता २ लाख ७० हजार ७२५ मध्ये एक. पद्धत तीच. फक्त तिथे बदाम-इस्पिकऐवजी आपल्या आई-वडिलांची नावं आहेत. माझ्या मुलींना पत्ते मोजता आले तरच उद्या त्या घरच्यांना सांगू शकतील की अब्बा, वेगळे अर्ज भरू नका.

बयान ऐकूनही जो बुडाला

आता मूळ दुखण्याकडे येतो. माझ्या नात्यात एक मुलगा आहे. पावरलूमच्या कारखान्यात हिशोबनीस, पाच वक्त नमाजी. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी येण्याआधीच्या वर्षी तो मोबाईलवर अंदर-बाहर खेळू लागला. काही महिन्यांत १ लाख ८० हजार रुपये गेले. बायकोचे दोन डाग विकले गेले तेव्हा घरच्यांना कळलं.

जुगार हराम आहे हे त्याला माहीत नव्हतं का? शंभर जुम्मे त्याने हेच बयान ऐकलं होतं. त्याला गुनाह ठाऊक होता. त्याला ठाऊक नव्हता तो हिशोब.

अंदर-बाहर साधा खेळ आहे. एक पत्ता उघडा ठेवतात, समजा अठ्ठी. मग एक पत्ता अंदरला, एक बाहेरला, असं वाटत जातात. दुसरी अठ्ठी आधी जिथे पडेल ती बाजू जिंकली. बघणाऱ्याला वाटतं, अगदी बरोबरीचा मामला, नाण्याची ओली-सुकी. पण नाही. उरलेल्या ५१ पत्त्यांत तीन अठ्ठ्या आहेत. पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो तिला प्रत्येक फेरीत एक पाऊल आधी मिळतं. मोजलं तर २०,८२५ शक्यतांपैकी १०,७२५ त्या बाजूच्या आणि १०,१०० दुसरीच्या. म्हणजे ५१.५ टक्के आणि ४८.५ टक्के. हे खेळवणाऱ्याला बरोबर ठाऊक असतं. म्हणून प्रचलित नियम असा, की पहिल्या बाजूवर १०० लावून जिंकलात तर ९० मिळणार, दुसऱ्या बाजूवर जिंकलात तर १००. आता सरासरी काढा. पहिल्या बाजूवर शंभर रुपयांमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास तोटा, दुसऱ्या बाजूवर तीन रुपये. कुठेही लावा, तोटाच. अर्ध्या मिनिटाला एक डाव धरला तर तासाला १२० डाव, शंभराच्या हिशोबाने १२ हजार रुपये फिरतात आणि सरासरी अडीचशेहून जास्त रुपये गुपचूप निघून जातात. हे नशीब नव्हे, हे भाडं आहे.

त्या मुलाची एक युक्ती होती. हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे. १००, २००, ४००, ८००. कधीतरी जिंकणारच, मग सगळं वसूल. तो मला म्हणाला, "सात वेळा लागोपाठ हरलो होतो. आठव्याला लागणार हे नक्की होतं."

मी त्याच्यासमोर कागद ठेवला. सात हारींत १२,७०० रुपये गेले. आठव्या डावाला लावले १२,८००. तो हरला. पण समजा जिंकला असता, तर शंभराला नव्वदच्या दराने मिळाले असते ११,५२०. म्हणजे जिंकूनही १,१८० रुपये तोट्यातच. खरं तर चौथ्या हारीनंतरच दुप्पट लावण्याची ती युक्ती मेलेली होती. तोवर १,५०० गेले, पाचव्या डावाला १,६०० लावून जिंकलात तर मिळणार १,४४०. हे गुणाकार पाचवीच्या मुलाला येतात. हा हिशोबनीस दिवसभर कारखान्याचा जमाखर्च लिहीत होता आणि स्वतःचा हा हिशोब त्याने कधी मांडलाच नाही.

आणि ते 'आठव्याला लागणार'? पत्ते दर डावाला नव्याने पिसले जातात. मागच्या सात डावांत काय झालं याची कॅटला आठवण नसते. आठव्या डावात हरण्याची शक्यता पहिल्या डावाइतकीच, ४८.५ टक्के. लागोपाठ आठ हारी म्हणजे आपल्यावर काही आभाळ कोसळलं असं त्याला वाटलं होतं. तासाला १२० डाव खेळणाऱ्याला अशी रांग सरासरी सव्वापाच तासांत एकदा भेटतेच. इथे एक बारकावा आहे, तो मी वर्गात मुद्दाम शिकवतो. एकाच कॅटमधून पत्ते काढत गेलात आणि परत ठेवले नाहीत, तर कॅटला आठवण असते. एक एक्का गेला की उरले तीन छेद एक्कावन्न. पण पत्ते गोळा करून पिसले की आठवण पुसली जाते. या दोन गोष्टींची गल्लत म्हणजेच जुगाऱ्याची आशा. ही गल्लत बयानाने दूर होत नाही. ती दूर होते कॅट हातात घेऊन, पिसून, मोजून, वहीत लिहून.

मी त्याला विचारलं, दहावीला संभाव्यता होती ना? म्हणाला, "होती. पण पत्त्यांची गणितं सरांनी सोडून दिली होती. म्हणाले, हे आपल्या कामाचं नाही."

मोहल्ल्याला माहीत नसलेले आकडे

ज्याला 'तीन पत्ती' म्हणतात तिचंही बघू. ५२ पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात तिन्ही सारखे, म्हणजे ट्रेल, फक्त ५२. एकाच रंगाचा सलग, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, ४८. साधे सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, जोड्या ३,७४४. उरलेले १६,४४० हात म्हणजे काहीच नाही. शंभरात चौऱ्याहत्तर वेळा हातात कचरा येतो. आणि एक गंमत. खेळात ट्रेलला सगळ्यात वरचा मान आहे, पण मोजलं तर प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ निघतो. रात्र-रात्र खेळणाऱ्या पाच जणांना मी हे विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर घर लावलं, ती कधी मोजून पाहिली नाही.

१९६७ साली सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा नव्हे. पुढे रमीच्या कंपन्यांनी हा निकाल ढालीसारखा वापरला. ठीक आहे, कौशल्य आहे. पण दोन सारख्या कौशल्याच्या माणसांनी शंभर-शंभर लावले, कंपनीने दोनशेतून वीस कापून घेतले, तर सरासरी प्रत्येकाचे दहा गेले. कौशल्य दोघांचं, खात्रीची कमाई तिसऱ्याची. हे वजाबाकीचं गणित आहे, त्याला वकील लागत नाही.

आणि मटका. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर पैजा लावण्यातून तो सुरू झाला, मग मडक्यातल्या चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते. गिरणी कामगारांच्या वस्त्यांतून तो आमच्या मागांच्या वस्त्यांत आला. दहातला एक आकडा लागला तर साधारण रुपयाला नऊ, शंभरातली एक जोडी लागली तर रुपयाला नव्वद. म्हणजे दहा रुपये लावणाऱ्याला सरासरी नऊ परत. दर फेरीला दहा टक्के गायब. पगाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर जो माणूस आकडा लावतो, त्याला कुणी एवढंच सांगितलंय का? 'हराम आहे' हे सगळ्यांनी सांगितलं. 'तुला दहाला नऊ परत देतायत, गाढवा' हे कुणी नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात नशीब की कौशल्य हा भेदही ठेवला नाही. मी त्याचं स्वागत केलं. पण बंदी काय करते आणि काय करत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असावं? आपल्याकडे बंदी चौदाशे वर्षांपासून आहे. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ सालापासून आहे. फतवा आणि कायदा हे दोन पहारेकरी दारावर उभे असताना तो मुलगा आत बसून बुडाला. तिसरा पहारेकरी त्याच्या डोक्यात हवा होता, आणि तो आपण सिलॅबसमधून काढून टाकला.

पत्ते परके नाहीत, गणितही नाही

बैठकीत एक वाक्य आलं : "ही आपली चीज नाही." यावर दोन गोष्टी.

इस्तंबूलच्या तोपकापी महालात मामलुक काळातला पत्त्यांचा एक जुना संच आहे. चार प्रकार : प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. प्रत्येकी तेरा, एकूण ५२. राजा आणि त्याचे दोन नायब आहेत, पण माणसांची चित्रं नाहीत, नक्षी आणि लिखाण आहे. चौदाव्या शतकात पत्ते युरोपात पोचले ते या मुस्लिम जगातून. स्पॅनिश भाषेत पत्त्यांना आजही 'नाइपेस' म्हणतात, तो शब्द आपल्या 'नायब'चाच भाऊ मानला जातो. बाबरने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. तीच गंजिफा आपल्या सावंतवाडीत दशावतारी झाली, दहा अवतार, प्रत्येकी बारा, १२० गोल पत्ते.

गणिताचंही तसंच. नवव्या शतकात अल-किंदीने गुप्त लिखाण उकलण्यासाठी अक्षरं किती वेळा येतात ते मोजण्याची रीत लिहिली. मराकेशच्या इब्न मुन्इमने दहा रंगांच्या रेशमी धाग्यांतून किती प्रकारचे गोंडे होतात ते मांडलं. दहातून तीन रंग निवडायचे १२० मार्ग. मटक्यात तीन वेगळ्या आकड्यांच्या पत्त्या किती, तर त्याच १२०. 'लीलावती'त भास्कराचार्यांनी अशीच मांडणी केली आणि अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये तो ग्रंथ फारसीत नेला. ही ज्ञानाची देवघेव हराम-हलालच्या खिडकीवर थांबली नव्हती.

पण हे सांगताना मला 'सगळं आमच्याकडेच होतं' ही शेखी मिरवायची नाही. ती आपली दुसरी खोड आहे. संभाव्यतेचं शास्त्र उभं राहिलं ते युरोपात. जुगारात बुडालेल्या कार्दानोने सोळाव्या शतकात त्याची सुरुवात केली, १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रांतून ते पक्कं झालं. जुगाऱ्यांच्या प्रश्नातून निघालेलं हे शास्त्र पुढे विम्यात, औषधांच्या चाचण्यांत, पावसाच्या अंदाजात गेलं. आज डॉक्टर सांगतात की ऑपरेशन यशस्वी होण्याची शक्यता ऐंशी टक्के, तेव्हा ते याच भाषेत बोलत असतात. आपली मुलगी ती भाषा कुठून शिकणार?

हसणाऱ्यांनाही दोन शब्द

ही हकीकत ऐकून माझे एक पुरोगामी मित्र खूप हसले. "तुमच्यात गणितसुद्धा हराम!" त्यांनाही सांगतो. प्रश्न काढणारे गृहीत धरतात की प्रत्येक घरात कॅट असतो. खेड्यातल्या वारकरी घरातल्या मुलीचीही तीच अडचण असते जी माझ्या विद्यार्थिनीची. शाळेत प्रयोगशाळा असते, गणितपेटी असते, मग त्यात एक कॅट का नसावा? आणि पत्त्यांच्या जोडीला कुर्रा, घरकुलाची सोडत, क्रिकेटची नाणेफेक ही उदाहरणं का नसावीत? न पाहिलेल्या वस्तूवर मार्क कापणं हाही अन्यायच आहे. पण त्यावर उपाय ती वस्तू दाखवणं हा आहे, झाकणं नव्हे.

आता पुन्हा माझ्या बैठकीतल्या बुजुर्गांकडे. तुम्ही वर्ग बंद केला नाहीत, याबद्दल शुक्रगुजार आहे. छापील कॅट तुम्हाला खटकतो, मान्य. मुलींनी गेल्या रविवारी पुठ्ठ्याचे ५२ तुकडे कापले आणि त्यांवर स्वतःच्या हाताने खुणा काढल्या. राजा, राणी, गुलामाच्या जागी मामलुकांसारखी अक्षरं लिहिली. आता तर चित्रही उरलं नाही. पण उदाहरणं मी वगळणार नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. येत्या रविवारी वर्गाला या, आणि तुमच्या मुलांनाही आणा. खास करून ज्यांचा मोबाईल रात्री एकपर्यंत चालू असतो त्यांना. फळ्यावर २२,१०० हात मांडू, अंदर-बाहरचा तोटा काढू, कुर्राचं गणित करू. माझी एक जरी पायरी चुकली तर तिथेच दाखवा, मी खडू खाली ठेवीन. आणि चुकली नाही, तर पुढच्या जुम्म्याच्या बयानात तेवढं एक वाक्य घाला : दहा लावले की नऊ परत येतात.